दुखणे खांद्याचे, दोष खुर्चीचा

मणक्याला मार लागून कमरेखालचे अंग लुळे पडलेला माणूस पूर्वी फार दिवस काढत नसे. डॉक्टर लुडविग गुटमान यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात खास विभाग सुरू केला, बेडसोर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग आटोक्यात आला, आणि अशी पॅराप्लेजिक माणसे वर्षानुवर्षे चाके ढकलू लागली. खांद्याचे गाऱ्हाणे ऐकू आले ते त्यानंतर. 1979 मध्ये निकल्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये पाहणी केली, तर निम्म्याहून अधिक जणांचे खांदे दुखत होते.

पुढे 1987 मध्ये बेली आणि सहकाऱ्यांनी पलंगावरून खुर्चीत सरकताना सांध्यात किती दाब येतो ते मोजले. तो धमनीतल्या रक्तदाबाच्या अडीचपट भरला! खांद्याची वाटी उथळ, गोळा मोठा. हा सांधा हात फिरवण्यासाठी आहे, अंग तोलण्यासाठी नाही. भार आला की गोळा वर सरकतो आणि खांद्याभोवतीच्या स्नायूंची, म्हणजे रोटेटर कफची, कंडरा वरच्या हाडाखाली चिमटते.

इंजेक्शने, शेक, शस्त्रक्रिया यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे त्या हातावर भार देता येत नाही, म्हणजे संडासलाही दुसऱ्याने उचलून न्यायचे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

प्रस्तुत लेखकाचा जुना हट्ट खुर्चीबद्दलचा आहे. खाणीतल्या अपघाताने अपंग झालेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि इंजिनिअर हॅरी जेनिंग्ज यांनी 1930 च्या दशकात घडीची खुर्ची आणली. मोटारीत मावणारी ही खुर्ची मोठीच सोय होती, पण वजन 50 पौंडांच्या घरात. हँग ग्लायडिंगच्या अपघातातून वाचलेल्या मॅरिलिन हॅमिल्टन यांना ते लोढणे सोसवेना. ग्लायडर बनवणाऱ्या मित्रांकडून त्यांनी त्याच धाटणीची हलकी खुर्ची करून घेतली, तीच ‘क्विकी’. मात्र वजन ही अर्धीच गोष्ट. मागच्या चाकांचा आस थोडा पुढे घेतला की अंगाचा भार मोठ्या चाकांवर येतो, पुढची लहान चाके हलकी होतात आणि हात रिमवर मागून पुढे लांब फिरतो. तेवढ्याच वाटेला कमी ढकल्या लागतात. खुर्ची मागे कलंडायची भीती वाढते हे खरे, पण तोल शिकवता येतो. रिमच्या माथ्यावर हात ठेवल्यावर कोपराचा कोन 100 ते 120 अंश असावा, ढकलून झाल्यावर हात रिमच्या खालून मागे यावा, हे अमेरिकेच्या 2005 च्या मार्गदर्शिकेत नोंदलेले आहे.

तरीही काही जाणकार सारे खापर खेळांवर फोडतात. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. अशांची उदाहरणे या मंडळींना अपवाद वाटतात. मग 2003 च्या एका अमेरिकी पाहणीत खेळणाऱ्यांचेच खांदे कमी दुखताना आढळले, त्याचे काय? मलरॉय यांच्या 2011 च्या अभ्यासातही घरच्या घरी केलेल्या व्यायामाने आणि हालचालींच्या सुधारणेने वेदना बरीच उतरली.

आपल्याकडे शिबिरांतून अजून तीच क्रोमची खुर्ची वाटली जाते: एकच माप, आस पक्का, हाताच्या दांड्याही पक्क्या. सडपातळ मुलगी तीत बसली की रिम गाठायला कोपरे बाहेर फेकावी लागतात, खांदे कानाशी येतात. पलंगावर जाताना हाताच्या दांडीवरून अंग उचलून न्यावे लागते. आयआयटी मद्रासमध्ये घडलेली ‘निओफ्लाय’ माणसाच्या मापाने बनते, तिला मोटरचा ‘निओबोल्ट’ही जोडता येतो. पण तिच्या किमतीत साध्या खुर्च्या कितीतरी येतात, आणि फलकावर वाटलेल्या खुर्च्यांचा आकडा मोठा दिसावा असे देणगीदाराला वाटते.