पोथी, पाठ आणि वाचक : जुन्या मराठी गद्यकथेचा शोध

मराठी गद्यकथेचा सर्वांत जुना साठा महानुभाव पंथाच्या पोथ्यांत आहे. लीळाचरित्र, श्रीगोविंदप्रभुचरित्र, दृष्टांतपाठ आणि स्मृतिस्थळ हे ग्रंथ तेराव्या-चौदाव्या शतकांत वऱ्हाड आणि गोदातीर या टापूत घडले. पंथाच्या मठांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. पण विसावे शतक उजाडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांची जवळजवळ गंधवार्ता नव्हती. या पोथ्यांचा अभ्यास ज्या मोजक्या गावांत मूळ धरून वाढला त्यांत यवतमाळ येते. कायद्याचे शिक्षण घेतलेले यशवंत खुशाल देशपांडे (१८८४–१९७०) यांनी यवतमाळच्या शारदाश्रम या संशोधनसंस्थेत हे काम केले आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ काढला. तोपर्यंत सुटे लेख आणि तुरळक माहिती होती. या वाङ्मयाचा सलग आलेख पुस्तकरूपाने मांडला गेला तो तिथे.

लीळाचरित्राला कथावाङ्मय म्हणावे का, हा प्रश्न आधीच निकालात काढलेला बरा. पंथाच्या दृष्टीने तो पवित्र ग्रंथ आहे: पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या लीळा म्हणजे घडलेल्या गोष्टी, कल्पित नव्हेत. साराळ्याचे म्हाइंभट संस्कृत विद्येचा अभिमान बाळगणारे पंडित होते. स्वामींच्या पश्चात, सुमारे १२७८ साली, त्यांनी रिद्धपुरात हा ग्रंथ सिद्ध केला. त्यासाठी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना गाठून, विचारून एकेक लीळा जमवली आणि स्वामींनंतर पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य ऊर्फ भटोबास यांच्याकडून ती पारखून घेतली. स्वामी कुठे बसले होते, कोणी काय विचारले, जेवायला काय होते, कोण रुसले, हे सारे त्यात आहे. म्हणून चरित्र असूनही त्याची बांधणी कथेची आहे. प्रसंग लहान, संवाद बोलीतले, शेवट बहुधा एका वाक्यावर. मराठी गद्य बखरींपासून सुरू झाले आणि इंग्रजी अमलात वयात आले, असे जुने वाङ्मयेतिहास सांगत. या पोथ्या हाती आल्यावर ती मांडणी टिकणे शक्यच नव्हते.

उघड उघड कल्पित अशा कथाही या साठ्यात आहेत, आणि त्या स्वामींच्याच तोंडच्या आहेत. एका लहान मुलीला स्वामींनी सांगितलेली कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि साळईच्या मेणाच्या घराची गोष्ट लीळाचरित्रात आली आहे. साळईच्या जागी चिमणी घातली की हीच गोष्ट आजही महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोराला भरवताना सांगितली जाते. सातशे वर्षांत तिला कोणी ‘वाङ्मय’ म्हटले नाही, हे तिच्या पथ्यावरच पडले असावे.

मोठ्यांसाठीच्या कथा पंथातले पंडित केशिराजबास यांनी वेचून दृष्टांतपाठात एकत्र केल्या. त्यांची संख्या ११४ धरतात. प्रत्येक प्रकरणाला तीन अंगे: आधी स्वामींचे सूत्र, मग दृष्टांत म्हणजे गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा लागू होणारा अर्थ. जन्मांध माणसे आणि हत्ती यांची गोष्ट त्यातली सर्वांत प्रसिद्ध. पायाला हात लागला तो हत्ती खांबासारखा म्हणतो, कानाला हात लागला तो सुपासारखा म्हणतो, आणि प्रत्येक जण आपलेच खरे करतो. डोळस माणूस मात्र सगळा हत्ती पाहतो. कथा भारतभर फिरलेली, बौद्ध आणि जैन ग्रंथांतही सापडणारी. महानुभावांचे वैशिष्ट्य कथेत नाही, तिच्या मागेपुढे असलेल्या सूत्रात आणि दार्ष्टांतिकात आहे. तिथे ती नाना मतांच्या अपुऱ्या ज्ञानाकडे वळवलेली आहे. सूत्र आणि दार्ष्टांतिक काढून टाकले तर उरते ती लोककथा. ठेवले तर ते शास्त्र होते. वाचकाने काय वाचायचे ते संकलनकाराने असे आधीच बांधून दिले आहे.

अशी बांधणी त्याच सुमारास युरोपातही दिसते. १३०० च्या आसपास लॅटिनमध्ये ‘गेस्टा रोमानोरुम’ हा कथासंग्रह तयार झाला. त्यात प्रत्येक कथेनंतर तिचा धार्मिक अर्थ उलगडलेला असतो. राजा म्हणजे देव, राजकन्या म्हणजे आत्मा, अशी जोडणी लावलेली. या संग्रहाच्या काही प्रतींत टायरच्या अपोलोनियसची कथाही शिरली आहे. ही मूळ लॅटिन कादंबरी पाचव्या-सहाव्या शतकातली, लेखक अज्ञात. राजाने घातलेले कोडे, समुद्रावरची वादळे, पेटीत घालून पाण्यात सोडलेली पत्नी, कुंटणखान्यात विकली जाऊनही शील राखणारी मुलगी आणि शेवटी सगळ्यांची भेट, असा तिचा ऐवज. त्यात ख्रिस्ती धर्म जवळजवळ नाहीच; तरी ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी ती हजार वर्षे उतरवून ठेवली. आज तिची शंभराहून अधिक हस्तलिखिते आहेत. अकराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात तिचे जुने इंग्रजी भाषांतर मिळते आणि शेक्सपिअरच्या ‘पेरिक्लीज’चे कथानकही तिच्यावरूनच आलेले आहे.

लॅटिन आणि मराठी या दोन परंपरांत एक मोठा फरक आहे. अपोलोनियसचा वाचक कोण, हे पोथीच्या समासातल्या खुणांवरून आणि मठांच्या जुन्या यादीवरून ताडावे लागते. महानुभावांचा वाचक ग्रंथातच बोलतो. स्मृतिस्थळ हा भटोबासांच्या काळातल्या आठवणींचा संग्रह आहे. त्यातला प्रसिद्ध प्रसंग असा: संस्कृतात प्रश्न करणाऱ्याला भटोबासांनी ती भाषा आपल्याला कळत नाही, स्वामींनी आपल्याला मराठीतच सांगितले, असे बजावले. केशिराजबासांनाही त्यांनी संस्कृत रचनेपासून परावृत्त केले. कारण दिले ते तत्त्वज्ञानाचे नव्हते: पंथातल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, एवढेच. भटोबास स्वतः विद्वान होते, केशिराजबास तर संस्कृतात उत्तम रचना करणारे. तेव्हा हा निर्णय अज्ञानातून आलेला नाही. ग्रंथ कोणासाठी लिहायचा हे ठरवून भाषा निवडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मध्ययुगात क्वचितच सापडेल. त्या म्हाताऱ्या बायका नुसत्या ऐकणाऱ्याही नव्हत्या. स्वामींची शिष्या महदाइसा त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारी, आणि तिच्या प्रश्नांतून कितीतरी लीळा उभ्या राहिल्या आहेत.

चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर दिल्लीच्या फौजा आल्या. त्या धामधुमीत, ‘खालशाच्या धाडीत’, मूळ पोथ्या नाहीशा झाल्या असे पंथाची परंपरा सांगते. पुढे ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्याकडून तो पुन्हा लिहून घेतला गेला. इथे हिराइसा या स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते, कारण तिची धारणा सर्वांत भरवशाची मानली गेली. शिवाय रामेश्वरबास, परशरामबास यांच्या नावांचेही पाठ आहेत. अर्थात आज हाती आहे ते लीळाचरित्र म्हाइंभटांचे खरे, पण ते ज्यांच्या आठवणीतून आले त्यांचेही आहे.

पोथी उघडून पाहिली की हे डोळ्यांना दिसते. लीळा चालू असते आणि मध्येच ‘वासना’ असा शब्द येतो. त्यापुढे तोच प्रसंग दुसऱ्या परंपरेप्रमाणे. कुठे ‘शोधु’ येतो. तिथे नंतर चौकशी करून मिळालेली भर असते. अमक्याने असे सांगितले, तमक्याच्या मते गाव दुसरे होते, प्रश्न विचारणारी बाई वेगळी होती. लेखनिकाने यातले एक निवडून दुसरे खोडलेले नाही. श्रद्धेचा ग्रंथ, प्रत्येक शब्द स्वामींचा मानलेला, आणि तरी मतभेद जसाच्या तसा नोंदवलेला! आजच्या संशोधकाने तळटीपेत जे करावे ते या मंडळींनी पोथीच्या अंगातच केले.

याच वाचकांनी पुढे मूळ ग्रंथांभोवती शास्त्र रचले. केशिराजबासांनी लीळांतून स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ केला. पण वचन प्रसंगातून उचलले की त्याचा रोख हरवतो. ही अडचण ओळखून प्रकरणवश नावाचा ग्रंथ झाला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले ते त्यात सांगितले आहे. लक्षणबंद, विचारबंद, आचारबंद असे भाष्यप्रकार आले. भीष्माचार्यांच्या पंचवार्तिकात सूत्रांचा अर्थ लावण्यासाठी मराठी व्याकरणाचाच विचार झाला. कथा आधी, मग तिच्यातले वचन, मग वचनाचे व्याकरण, असा हा प्रवास आहे.

पंथाने हे धन सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्यांतली सर्वांत प्रचलित सकळ लिपी. तिचा कर्ता रवळोबास असे परंपरा मानते. नागरीतल्या एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर लिहायचे, हे तिचे तत्त्व. किल्ली माहीत असलेल्याला ती सहज वाचता येते, इतरांना पानभर निरर्थक अक्षरे दिसतात. सुंदरी, अंक, शून्य अशा आणखीही लिप्या होत्या. याचा एक परिणाम वाईट झाला: बाहेरच्या जगात पंथाविषयी गैरसमज वाढत गेले. दुसरा मात्र अभ्यासकाच्या फायद्याचा ठरला. ज्ञानेश्वरीसारखे लोकप्रिय ग्रंथ हातोहाती फिरले आणि उतरवणाऱ्यांनी त्यांची भाषा नकळत आपल्या काळाला जुळवून घेतली. कुलुपात राहिलेल्या महानुभाव पोथ्यांना हा वारा कमी लागला. पुढे पंथ पंजाबात गेला, तिथे त्याचे नाव जयकृष्णी पडले. अनुयायांची घरची बोली वेगळी, पण ग्रंथ मराठीच राहिले. मराठी न बोलणाऱ्या घरांत मराठी पोथी श्रद्धेने वाचली जाण्याचा हा प्रकार वाङ्मयेतिहासात एखाद्या ओळीत उरकला जातो. त्याला स्वतंत्र पुस्तक हवे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी सकळ लिपीची उकल पंथाबाहेर पोहोचली. पण किल्ली मिळाली म्हणजे पोथी मिळाली असे नव्हे. ती मठात, रुमालात बांधलेली. महंतांचा विश्वास बसल्याशिवाय गाठ सुटत नसे. म्हणून हे काम पुण्या-मुंबईपेक्षा विदर्भातल्या माणसांकडून अधिक झाले. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातले, आणि विदर्भातल्या अभ्यासकांना मठांचे दार ठोठावणे सोपे. यवतमाळला यशवंत देशपांडे, नागपूरला हरि नारायण नेने आणि नी. ब. भवाळकर. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागाभागाने छापायला घेतले. भवाळकरांसह दृष्टांतपाठही संपादिला. वा. ना. देशपांडे यांनी स्मृतिस्थळ काढले. वि. भि. कोलते यांनी १९४४ साली गोविंदप्रभुचरित्र आणि १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे लीळाचरित्राची एकत्रित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याआधी शं. गो. तुळपुळे यांचीही आवृत्ती आली होती. लंडनच्या इ. म. प. रेसाइड यांनी १९६० साली महानुभाव ग्रंथांची सूची छापली. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभुचरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली, तर तुळपुळे यांच्यासह स्मृतिस्थळाचे १९९२ साली केले.

कोलते यांची आवृत्ती निघाली आणि काही लीळांवरून पंथात संताप उसळला. वाद न्यायालयापर्यंत गेला. तो सहसा संशोधनस्वातंत्र्य विरुद्ध श्रद्धा असा सांगितला जातो. हे सांगणे अपुरे आहे. भांडणाच्या मुळाशी पाठाचाही प्रश्न होता: ज्या ग्रंथाचे अनेक पाठ परंपरेनेच मान्य केले, त्याची एकच आवृत्ती सरकारी मोहोर लावून निघाली तर तिच्यात कोणता पाठ बसवायचा आणि तो कोणाच्या अधिकाराने? लॅटिनच्या अभ्यासकांपुढे हाच पेच होता. अपोलोनियसच्या कथेचे दोन मुख्य पाठ आहेत, आणि त्यांतून एक ‘मूळ’ घडवण्याचे प्रयत्न फसत गेले. १९८४ साली खोर्तेकास या डच संपादकाने दोन्ही पाठ वेगवेगळे राखून समोरासमोर छापले. लीळाचरित्राला अशीच आवृत्ती शोभेल: हिराइसेचा पाठ एका बाजूला, इतर पाठ शेजारी, वासना आणि शोध आपापल्या जागी. मराठीत म्हाइंभटांच्या हरवलेल्या मूळ प्रतीचा ध्यास फार झाला. ज्यांनी ग्रंथ जिवंत ठेवला त्या वाचकांचा माग त्या मानाने कमी काढला गेला.

रिद्धपुरात आता राज्य शासनाचे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. विद्यापीठ, जुनी संशोधन मंडळे आणि मठ यांनी मिळून पोथ्यांची छायाचित्रे आणि एक सामायिक सूची केली, तर पाठांची तुलना पहिल्यांदा नीट करता येईल. तोवर एक काम विदर्भातल्या कोणत्याही घराला करता येण्याजोगे आहे. आजोबांच्या पेटीतली, वाचता न येणारी पोथी जीर्ण झाली म्हणून नदीत सोडण्याची चाल अजून मोडलेली नाही. तशी पोथी घरात असेल तर ती सोडू नये. आधी एखाद्या महंतांना किंवा अभ्यासकाला दाखवावी आणि निदान प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून ठेवावे.