तेरच्या बाजारातून थेट रोमला



‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ हा शब्द ऐकला, की मोठमोठी जहाजं, कोट-टायवाले साहेब आणि मुंबईचं बंदर डोळ्यांपुढे येतं, हो ना? आपल्या लोहाऱ्याला ना समुद्र, ना बंदर. मग आपला नि या व्यापाराचा काय संबंध, असं तुम्हांला वाटत असेल. पण आपल्याच धाराशिव जिल्ह्यात एक गाव असं आहे, की जिथला माल दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रापार जात होता! ते गाव म्हणजे तेरणाकाठचं तेर.

तेर म्हटलं की संत गोरा कुंभार आठवतात. पण त्यांच्याही आधी सुमारे बाराशे वर्षं, सातवाहन राजांच्या काळात, इथे ‘तगर’ नावाचं भरभराटीचं नगर होतं. हे कशावरून? तर इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक छोटंसं पुस्तक आहे, ‘पेरिप्लस’. लिहिणाऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पण कोणत्या बंदरात काय विकलं जातं, काय विकत मिळतं, याची त्यानं अगदी वाण्याच्या वहीसारखी नोंद केलीय. तो म्हणतो, भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरहून साधं कापड आणि तऱ्हतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, अवघड रस्त्यांनी भडोचला येते. हे तगर म्हणजेच आपलं तेर, असं जॉन फ्लीट या अभ्यासकानं १९०१ साली दाखवून दिलं.

आता डोळे मिटून बघा बरं! कापसाचा प्रदेश आपला. सूत काततात, मागावर कापड विणतात, गाडीत गठ्ठे चढतात. बैलगाडी दिवसाला चालणार पाच-सहा कोस. वाटेत घाट, नद्या, चोरांची भीती. भडोचला माल जहाजात चढणार. जहाजं शिडाची. ती वाऱ्याच्या भरवशावर चालायची. इजिप्तकडून जुलैच्या सुमारास निघायचं, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भारतात पोचायचं आणि हिवाळ्यात वारा उलटा फिरला की परत जायचं. म्हणजे जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच तेव्हा गिऱ्हाईकही आणत होता!

आणि बदल्यात काय यायचं? इटलीची द्राक्षाची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच आणि सोन्याचांदीची नाणी. आपला माल बाहेर जातो ती निर्यात आणि बाहेरचा माल आत येतो ती आयात. एवढं समजलं, की अर्धा धडा संपला!

जे आपल्याकडे चांगलं आणि स्वस्त होतं, ते द्यायचं. जे होत नाही, ते घ्यायचं. यात दोघांचाही फायदा. पण भांडण इथेच सुरू होतं बरं का! प्लिनी नावाच्या रोमन पंडितानं तेव्हा तक्रार लिहून ठेवलीय, की भारत दरवर्षी आमच्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. (सेस्टर्स हे त्यांचं नाणं.) म्हणजे रोमची आयात जास्त, निर्यात कमी. यालाच आज ‘व्यापारी तूट’ म्हणतात.

हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याच उद्रेकात पाँपेई हे शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात काय सापडलं, ठाऊक आहे? भारतात घडवलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती! तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरलाही सापडली आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या अशा जुन्या वस्तू जिवापाड जपल्या. त्यांच्या नावाचं वस्तुसंग्रहालय तेरला आहे. आई-बाबांना सांगून एकदा बघून याच.

आता आजच्या लोहाऱ्यात या. आपल्या भागात सोयाबीन भरपूर. एक क्विंटल सोयाबीन गाळलं, तर तेल निघतं साधारण अठरा किलो आणि पेंड निघते ऐंशी किलोच्या आसपास. त्या पेंडीतली बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यासाठी लागते आणि काही परदेशीही जाते. पण तेल मात्र आपल्याला पुरत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं : पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनकडून. म्हणून तर २०२२ साली तिकडे युद्ध पेटलं आणि इकडे आईच्या कढईतलं तेल महागलं!

तुरीची गोष्ट तर आणखी अवघड. आपल्या शेतात तूर पिकते, तरी देशाची गरज भागत नाही. म्हणून म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी अशा देशांतून तूर येते. समजा, बाहेरची तूर बंदरात ८० रुपये किलोनं उतरली आणि आपल्या शेतकऱ्याला मात्र ९० रुपये मिळाले तरच परवडतं. व्यापारी कोणती घेईल? स्वस्त ती! मग सरकार बाहेरच्या मालावर १० रुपये कर लावू शकतं. त्याला आयात शुल्क म्हणतात. भाव सारखे झाले, शेतकरी वाचला. पण डाळ विकत घेणाऱ्या मजुराच्या घरात वरण पातळ झालं, त्याचं काय? मे २०२१ मध्ये सरकारनं तुरीची आयात खुली केली, ती डाळीचे भाव आवरावेत म्हणून. तेव्हा गिऱ्हाईकाला दिलासा मिळाला, पण तूर उत्पादकाच्या पोटात गोळा आला.

माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं आहेत, तशी रोज किलो-अर्धा किलो डाळ आणणाऱ्या घरांतलीही आहेत. दोघं एकाच बाकावर बसतात. दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून हा प्रश्न सोपा नाही आणि म्हणूनच तो लहानपणापासून समजून घ्यायला हवा. उद्या तुमच्यातलंच कुणी बाजार समितीत बसेल, कुणी माल परदेशी धाडेल, कुणी सरकारात जाऊन शुल्क ठरवेल.

तर या रविवारी एवढं करा. घरातल्या दहा वस्तू घ्या : तेल, डाळ, पेन, खेळणं, मोबाईल, काहीही. कुठे तयार झाली, ते वेष्टनावर वाचा. सुट्या मालाबद्दल दुकानदारकाकांना विचारा. वहीत दोन रकाने पाडा, ‘आपल्याकडचं’ आणि ‘बाहेरचं’. मग बाबांना किंवा आजोबांना विचारा, की गेल्या वर्षी आपली तूर काय भावानं गेली आणि आईला विचारा, की डाळ काय भावानं आणली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. मधला फरक कुणाकुणाला मिळाला असेल, याचा विचार सगळ्यांनी मिळून करा.