समुद्राविना लाट

रायगड जिल्ह्याला समुद्र आहे. उरण, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन येथील मुलांना लाट म्हणजे काय हे फळ्यावर काढून दाखवावे लागत नाही. त्याच जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी, किनाऱ्यापासून आत आहेत. उल्हास आणि पाताळगंगा या नद्या येथून खाडीकडे जातात; समुद्राची लाट काही येथवर येत नाही. मग कर्जतच्या मुलाला लाटांवर स्वार होण्याच्या स्पर्धेत भाग घेता येईल का?

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. समुद्राविना लाट निर्माण करण्याचे प्रयत्न गेली अनेक वर्षे झाले आहेत. आधी मोठमोठ्या तलावांत आणि नंतर चक्क संगणकात, जेथे पाण्याचा थेंबही नाही. संगणकातील आभासी जगात लाटांवरच्या स्पर्धाही झाल्या. या प्रयत्नांमागे करमणूक होतीच, पण एक ओढ न्यायाचीही होती: सर्वांना सारखीच लाट मिळावी. ती मिळाली का, हे पाहण्यापूर्वी लाट म्हणजे काय ते पाहू.

लाटेत पुढे काय जाते?

विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पहा. ‘पाणी पुढे जाते’ असे उत्तर बहुतेक वेळा येईल. बादलीतील पाण्यावर बुचाचा तुकडा टाका आणि कडेला बोटाने हलकेच तरंग उठवा. तरंग पलीकडच्या कडेला पोचतो, बूच मात्र जवळजवळ जागच्या जागी खालीवर होते. पाण्याचा प्रत्येक कण साधारण वर्तुळात फिरून मूळ जागेजवळ परत येतो. पुढे जाते ती ऊर्जा, आणि तिच्याबरोबर उंचवट्याचा आकार. प्राग येथील गणिती फ्रान्झ गेर्स्टनर यांनी १८०२ सालीच वर्तुळात फिरणाऱ्या कणांपासून बनलेल्या लाटेचे गणित मांडले होते.

लाट किनाऱ्याजवळ आली की पाण्याची खोली कमी होते आणि लाटेचा वेगही कमी होतो. उथळ पाण्यात हा वेग, गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. खोली अडीच मीटर असेल तर ९.८ गुणिले २.५ म्हणजे २४.५, त्याचे वर्गमूळ सुमारे ५. म्हणजे लाट सेकंदाला ५ मीटर, ताशी सुमारे १८ किलोमीटर वेगाने येते. वेग घटतो तशी लाट दाटते, उंच होते आणि तिची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांश झाली की ती फुटते.

सर्फिंग करणारा याच वेळी फळीवर उभा राहतो. लाटेच्या उतारावरून तो घसरत असतो, पण त्याच वेळी लाट त्याच्याखाली पुढे सरकत असते, त्यामुळे उतार संपत नाही. त्याचा वेग लाटेशी जुळला पाहिजे. तो मागे पडला तर लाट खालून निघून जाते. फार पुढे गेला तर उतार सुटतो.

समुद्र सर्वांना सारखी लाट देत नाही

फळीवर उभे राहून लाटेवरून येण्याची कला मूळची पॉलिनेशियाची, आणि हवाई बेटांवर ती विशेष बहरली. विसाव्या शतकात ती जगभर गेली ती मुख्यतः ड्यूक कहानामोकू या हवाईच्या ऑलिंपिकविजेत्या जलतरणपटूमुळे. १९६४ साली सिडनीजवळ मॅनली येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. टोकिओ ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले. आपल्याकडे सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था २०११ साली स्थापन झाली. मंगळूरजवळच्या ससिहित्लू किनाऱ्यावर राष्ट्रीय पातळीच्या स्पर्धाही झाल्या आहेत.

या खेळाची अडचण पहा. धावण्याच्या शर्यतीत सर्वांना शंभर मीटरच मिळतात. येथे मात्र अर्ध्या तासाच्या फेरीत एकाला सुरेख लाट मिळते, दुसरा वाट पाहतच राहतो. व्यावसायिक स्पर्धांत पाच परीक्षक प्रत्येक स्वारीला दहापैकी गुण देतात, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण सोडून उरलेल्या तिघांची सरासरी घेतात, आणि खेळाडूच्या उत्तम दोन स्वाऱ्यांची बेरीज धरतात. माणसाच्या मतातील फरक यामुळे कमी होतो. समुद्राच्या लहरीपणावर मात्र परीक्षकांचा इलाज चालत नाही.

तलावातील लाट

म्हणून लाटच आपण बनवावी, असा विचार पुढे आला. १९६९ साली अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेंपी या वाळवंटी भागातील गावी ‘बिग सर्फ’ हा तलाव सुरू झाला. उंच टाकीत साठवलेले पाणी एकदम सोडून तेथे लाट उठवत. १९८५ साली पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथे अशा तलावात व्यावसायिक स्पर्धाही झाली आणि ऑस्ट्रेलियाचा टॉम कॅरोल ती जिंकला. पण लाट दुबळी होती आणि हा प्रकार फारसा रुजला नाही.

पुढे केली स्लेटर या जगज्जेत्या खेळाडूने प्रवाहीशास्त्राचे अभ्यासक ॲडम फिंचम यांच्या मदतीने कॅलिफोर्नियात लेमूर येथे, समुद्रापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, लांबलचक तलाव उभारला. तेथे तलावाच्या कडेने रुळावरून पाण्यातील एक मोठे पाते ओढले जाते आणि त्याच्या मागे हुबेहूब एकसारख्या लाटा उठतात. २०१८ साली जागतिक मालिकेतील स्पर्धा तेथे झाली. आता तरी वाद मिटायला हवा होता. पण २०२३ सालच्या तेथील स्पर्धेनंतर ब्राझीलच्या गाब्रिएल मेदिनासारख्या माजी जगज्जेत्याने गुणदानाबद्दल जाहीर तक्रार केली. लाट सारखी झाल्यावर सगळ्यांचे लक्ष परीक्षकांकडे वळले!

खालापूर तालुक्यातही तलावातील लाट आहे. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली इमॅजिका हे करमणूक उद्यान सुरू झाले आणि पुढच्या वर्षी त्याला जोडून जलउद्यान आले. तेथील लाटांचा तलाव डुंबण्यासाठी आहे, फळीवर स्वार होण्यासाठी नाही. शाळेची सहल तेथे गेली तर मुलांना एवढेच मोजायला सांगा: एका मिनिटात किती लाटा येतात? आणि उथळ बाजूला येताना लाटेचे रूप कसे बदलते?

आकड्यांची लाट

लाटेत पाण्याऐवजी आकारच पुढे जातो, हे एकदा कळले की पुढची पायरी सुचते. आकार तर आकड्यांनीही सांगता येतो. मग पाणी हवेच कशाला?

१९८७ साली ‘कॅलिफोर्निया गेम्स’ या घरगुती संगणकावरील खेळात सर्फिंग हा एक प्रकार होता. खेळाडू आळीपाळीने एकाच संगणकावर खेळत. २००२ साली केली स्लेटरच्या नावाचा खेळही आला. या खेळांतील लाट कंपनीने बनवून दिलेली असे.

२००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने ‘सेकंड लाइफ’ नावाचे आभासी जग इंटरनेटवर खुले केले. त्यात जिंकण्या-हरण्याचा ठरलेला खेळ नाही. जगभरची माणसे आपापल्या व्यक्तिरेखेच्या रूपाने तेथे येतात, जमीन घेतात, घरे बांधतात. तेथील वस्तू साध्या ठोकळ्यांपासून बनवता येतात, आणि वस्तूने कसे वागावे याची आज्ञावली रहिवाशांना स्वतः लिहिता येते.

या जगात समुद्र होता, पण लाट नव्हती. पाण्याची पातळी २० मीटर उंचीवर ठरवलेली असे आणि वरचे तरंग केवळ दिसण्यापुरते. त्यात उतरलेली व्यक्तिरेखा सरळ बुडून तळावर चालू लागे! वाहनांसाठी कंपनीने पाच प्रकारचे नियम तयार ठेवले होते: घसरगाडी, मोटार, होडी, विमान आणि फुगा. लाटेवरची फळी त्यात नव्हती. तेव्हा हौशी रहिवाशांनी ठोकळ्यांची लाट बनवली, तिला किनाऱ्याकडे सरकवणारी आज्ञावली लिहिली आणि तिच्यावर चालतील अशा फळ्या तयार केल्या. सेकंड लाइफ सर्फिंग असोसिएशन या नावाची संघटना निघाली आणि खऱ्या खेळाच्या धर्तीवर स्पर्धा भरू लागल्या. पाणी ओले करीत नाही, कोणी बुडत नाही, तरीही लाट चुकली की खेळाडू हळहळतो.

येथे तरी सर्वांना सारखी लाट मिळाली असेल ना? याचे उत्तर वर्गातच शोधता येईल.

वर्गात करून पहा

सोळा मुलांना एका ओळीत उभे करा. प्रत्येकाच्या हाती पाटी द्या. सुरुवातीला सर्वांच्या पाटीवर शून्य. तुम्ही ओळीच्या डाव्या टोकाच्या मुलाला एकेक आकडा सांगायचा: ०, ७, १०, ७, ०, उणे ७, उणे १०, उणे ७, आणि पुन्हा ०. बाकीच्यांना नियम एकच: ‘पहा’ म्हटले की प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याची पाटी वाचायची, आणि टाळी वाजली की तो आकडा आपल्या पाटीवर लिहायचा. आधी सर्वांनी वाचणे आणि मग सर्वांनी लिहिणे हा क्रम पाळा, नाहीतर आकड्यांचा गोंधळ होईल.

थोड्या वेळात ओळीतून लाट जाऊ लागेल. दहाचा आकडा म्हणजे उंचवटा, उणे दहा म्हणजे खळगा. एकही मूल जागचे हललेले नसते. आकार पुढे गेला. ही तुमच्या वर्गातील आभासी लाट.

आता एका मुलीला ‘सर्फर’ करा. दर टाळीला तिने दहाच्या आकड्यासमोर असले पाहिजे. हे सोपे जाईल. मग तिला पाट्यांकडे पाठ करायला सांगा. एक निरोप्या नेमा. पुढच्या उंचवट्याचा दहा हा आकडा कितव्या मुलापाशी आहे ते त्याने दर टाळीला चिठ्ठीवर लिहायचे, पण प्रत्येक चिठ्ठी दोन टाळ्यांनंतर तिच्या हाती द्यायची. चिठ्ठीप्रमाणे ती जेथे पोचेल तेथे पाटीवर आता शून्य असेल. लाट केव्हाच पुढे गेली!

उशिराची किंमत

संगणकांच्या जाळ्यात हेच घडते. लाटेचे गणित दूरच्या एका मोठ्या संगणकात होते आणि खेळाडूला केवळ बातमी मिळते. समजा, तो संगणक कॅलिफोर्नियात आहे आणि खेळाडू कर्जतला. अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर, जाऊन-येऊन २७,०००. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भागाकार केला तर ०.१३५ सेकंद येतात. प्रत्यक्ष मार्ग वळणावळणाचा असल्याने वेळ याहून जास्तच लागतो. सेकंदाला ५ मीटर धावणारी लाट तेवढ्यात ६७ सेंटिमीटरहून अधिक पुढे गेलेली असते. कॅलिफोर्नियातील खेळाडूला ही अडचण फारशी जाणवत नाही.

म्हणजे किनाऱ्यापासूनचे अंतर मिटवले, तर त्या संगणकापासूनचे अंतर पुढे आले. ते कितीही पैसे खर्चून पूर्ण मिटणार नाही, कारण प्रकाशाच्या वेगापुढे कोणाचे काही चालत नाही.

सेकंड लाइफमध्ये आणखी एक गंमत आहे. तेथील जमीन २५६ मीटर बाजूच्या चौकोनांत विभागलेली आहे आणि प्रत्येक चौकोनाचे गणित सेकंदाला ४५ वेळा होते. एका चौकोनात फार गर्दी झाली की संगणकाला ते झेपत नाही आणि तेथील काळच संथ होतो. बघे वाढले की समुद्र मंदावतो! खऱ्या समुद्रावर असे कधी होत नाही.

यावर उपाय काय? आपल्या सर्फर मुलीलाच विचारा. थोड्या वेळात ती म्हणेल, ‘चिठ्ठीत लिहिलेल्या जागेच्या दोन पुढे उभी राहीन.’ संगणकातील खेळांतही हीच युक्ती वापरतात: जुन्या बातमीवरून आताची स्थिती अंदाजाने काढतात. पण समोरच्या खेळाडूने अचानक दिशा बदलली की अंदाज चुकतो आणि चित्र झटका खाते. वर्गात हे दाखवायचे तर निरोप्याला मध्येच तीन टाळ्यांचा उशीर करायला सांगा.

शेवटी दोन सर्फर घ्या. एकीला पाट्या दिसू द्या, दुसरीला चिठ्ठीवर खेळू द्या. निकाल लागल्यावर मुलांना विचारा: ही स्पर्धा बरोबरीची झाली का? पहिलीलाही मुद्दाम उशिराच्या चिठ्ठ्या द्याव्यात का? की दुसरीला वाढीव गुण द्यावेत, आणि ते किती? मुलांचा बराच वाद होईल. तो होऊ द्या, आणि प्रत्येक गटाला आपले नियम कागदावर लिहून त्याप्रमाणे एकेक फेरी खेळायला लावा. सारखी लाट म्हणजे काय हे ठरवताना त्यांना तरंग, वेग आणि अंतर या तिन्हींचा विचार करावाच लागेल, आणि त्यासाठी कर्जत-खालापूरच्या मुलांनी समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही.