अजिंठ्याची भिंत, फैजपूरचा बांबू

अजिंठ्याची चित्रं लंडनमध्ये दोनदा जळाली. भिंतीवरची नव्हेत, त्यांच्या नकला. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून रंगवलेले बहुतेक कॅनव्हास १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेले. गिलची कबर आपल्या भुसावळात आहे, हे भुसावळकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे! पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी, जयराव राघोबा, जगन्नाथ अनंत या मंडळींनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा सगळं उतरवून काढलं. त्यातल्याही शंभरावर नकला १८८५ च्या आगीत खाक झाल्या. याच ग्रिफिथ्सच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी व्हीटी स्टेशनवरची पानंफुलं आणि पशुपक्षी घडवले. मुंबईला गेलात तर गर्दीत जरा मान वर करून बघाच.

नकला करणाऱ्यांच्या या प्रेमाची किंमत अजिंठ्याच्या भिंतीला मोजावी लागली. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं. ते काळवंडलं, आणि १९२० मध्ये निजाम सरकारला थेट इटलीहून तज्ज्ञ आणून ते काढवून घ्यावं लागलं.

मला मात्र सगळ्यात नवल वाटतं ते १९०९ च्या हिवाळ्याचं. ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला तळ ठोकून बसली. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराचा रंगतंत्रावरचा ग्रंथ तिने इंग्रजीत आणला होता, त्यामुळे रंग भिंतीला कसा धरतो हे तिला नेमकं कळत होतं. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य तिच्या मदतीला आले. नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार होते, तसेच समरेंद्रनाथ गुप्त आणि व्यंकटप्पाही. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले. दोन हिवाळे हे काम चाललं.

त्यांच्यासमोरची भिंत तरी कशी होती? आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. इटलीत ओल्या चुन्यावर रंगवत, इथे कोरड्यावर. लाल-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा हिरव्या मातीचा. हे सगळं याच मातीतलं म्हणता येईल. पण निळा? तो लाजवर्द दगडाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. म्हणजे वाघूर नदीकाठच्या लेण्यांतल्या त्या अंधारात दीड हजार वर्षांपूर्वीच दुसरा देश येऊन भिंतीवर बसला होता. परदेशी माणसं पहिल्या लेण्याच्या छतावरही सापडतात, उंच टोप्या घातलेली.

तिथे कागद लावून रेषा उतरवताना नंदलालांच्या हाताला जे वळण लागलं, ते जन्मभर टिकलं. हेरिंगहॅमबाईंच्या नशिबी तेवढं सुख नव्हतं. १९११ मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांचं मन ढासळलं आणि कुंचला कायमचा सुटला. त्यांच्या चमूच्या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनला छापला गेला.

नंदलाल मात्र पुन्हा आपल्याकडे आले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन पूर्व खानदेशातल्या फैजपूरला झालं. गांधीजींनी सजावट नंदलालांवर सोपवली. ना संगमरवर, ना मखमल. बांबू आणि गावात मिळेल ते सामान, एवढ्यावर टिळकनगर उभं राहिलं. अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक बैलांनी ओढलेल्या सजवलेल्या रथातून निघाली. शेतातून थेट मांडवात आलेल्या माणसाला मार्गदर्शक न घेता कला बघायला मिळाली. सार्वजनिक कला म्हणतात ती याहून वेगळी काय असते? माझ्या मते नंदलालांनी पुढे हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनासाठी काढलेल्या चित्रांइतकाच मान फैजपूरला मिळायला हवा. पण हरिपुऱ्याची चित्रं कागदावर होती म्हणून टिकली, फैजपूरचा मांडव अधिवेशन संपताच उठला.

म्हणून रावेर, यावल, सावदा, फैजपूरकडच्या वाचकांना एक विनंती: घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांनी जपलेला त्या अधिवेशनाचा एखादा फोटो, पास किंवा पत्रक असेल, तर ते रद्दीत घालू नका. त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.