उघडणाऱ्या पुलांची विद्या आणि तिचे राखणदार

दख्खनच्या पठारावर पूल बांधणाऱ्या अभियंत्याला पुराची पातळी, खडकाची खोली आणि गाळ्यांची संख्या यांचा हिशेब करावा लागतो; पुलाखालून जहाज कसे जाईल, हा प्रश्न त्याच्यापुढे सहसा येत नाही. अक्कलकोट तालुक्याच्या दक्षिण सीमेवरची भीमा आणि तालुक्यातून वाहत जाऊन पुढे तिला मिळणारी बोरी या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रांत डोह तेवढे उरतात, त्यामुळे मोठी जलवाहतूक या भागात रुजली नाही आणि जहाजांसाठी बाजूला होणाऱ्या पुलाची गरजही कधी निर्माण झाली नाही. तरीही याच तालुक्यातील अक्कलकोट रोड स्थानकावरून जाणारा मुंबई-चेन्नई लोहमार्ग ज्या दक्षिणेकडे जातो, तिच्या टोकाशी रामेश्वरच्या वाटेवर भारतातील सर्वांत प्रसिद्ध चल पूल उभा आहे. आणि त्या पुलाला लागणारी विद्या सोलापूर जिल्ह्याला वाटते तितकी परकी नाही.

ज्या पुलाचा एखादा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, जलमार्ग मोकळा करण्यासाठी जागचा हलवता येतो आणि पुन्हा अचूक त्याच जागी बसवता येतो, त्याला चल पूल म्हणतात. त्याचे प्रमुख प्रकार तीन. कलत्या पुलाचा गाळा एका टोकाशी आसावर फिरून आकाशाकडे उभा राहतो. लंडनचा १८९४ साली खुला झालेला टॉवर ब्रिज हा त्याचा सर्वपरिचित नमुना असून कोलकात्याच्या खिदिरपूर गोदीतला पूलही याच जातीचा आहे. फिरता पूल मधल्या खांबावर आडवा वळतो. इजिप्तमध्ये सुवेझ कालव्यावरचा एल फर्दान हा रेल्वेपूल या प्रकारातील जगातला सर्वांत लांब मानला जातो. तिसरा उचलता पूल, ज्यात गाळा आडवाच राहून दोन मनोऱ्यांच्या मधून सरळ वर चढतो. शिकागोत साउथ हॉल्स्टेड स्ट्रीटवर वॉडेल या अभियंत्याने १८९४ मध्ये उभारलेल्या पुलाने या प्रकाराला आधुनिक रूप दिले. हुगळीवर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी १८७४ मध्ये बांधलेला तरता पूल, ज्याचा मधला भाग जहाजांसाठी काढून घेतला जाई आणि तेवढा वेळ हावड्याची सारी रहदारी थांबून राही, तो या तिन्ही जातींबाहेरचा, पण त्याच गरजेतून आलेला होता.

कलत्या आणि उचलत्या पुलांचे मर्म एकाच गोष्टीत आहे, ते म्हणजे प्रतिभार. जुन्या रेल्वे फाटकाच्या आखूड टोकाला लोखंडी वजन बांधलेले असल्याने फाटकवाला लांब दांडा सहज वर नेत असे. त्याच तत्त्वावर शेकडो टनांचा गाळा योग्य वजनाच्या भाराने तोलून धरला, की यंत्राला गाळ्याचे वजन उचलावे लागत नाही, त्याला केवळ घर्षण, जडत्व आणि वारा यांच्यावर मात करावी लागते. मात्र तोल अगदी समसमान ठेवून चालत नाही. गाळा खाली असताना बेअरिंगवर घट्ट टेकून राहावा म्हणून त्याचे पारडे किंचित जड ठेवण्याचा प्रघात आहे. या ‘किंचित’मध्येच देखभालीची सारी कटकट साठलेली असते, कारण दर रंगकामागणिक गाळ्यावर वजन चढते, रूळ बदलले की ते बदलते, गंजाने ते घटते, आणि दर वेळी तोल पुन्हा तपासून प्रतिभारात भर घालावी किंवा त्यातून काढून घ्यावी लागते. स्थिर पूल बांधून झाला की अभियंता निरोप घेऊ शकतो. चल पूल बांधून झाला की खरे काम सुरू होते, कारण तो इमारत आणि यंत्र या दोन्ही कुळांचा आहे आणि यंत्राला राखणदार लागतो.

रामेश्वरच्या वाटेवरचा पांबनचा जुना पूल या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी वाहतुकीला खुल्या झालेल्या, दोन किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या या रेल्वेपुलाच्या मध्ये शिकागोच्या शेर्झर कंपनीच्या पद्धतीचा दुपाखी गाळा होता. शेर्झर पद्धतीत पाख एका ठिकाणच्या आसावर फिरत नाही, तर त्याच्या मुळाशी असलेला वर्तुळखंड सपाट पट्टीवर मागे लोळत जातो, त्यामुळे पाख उघडता उघडता काठाकडे सरकते आणि मार्ग लवकर मोकळा होतो. शेकडो टनांची ही दोन पाखे शंभराहून अधिक वर्षे माणसांनी हाताने तरफा ओढून उघडली आणि मिटली. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले, पांबनहून तिकडे निघालेली प्रवासी गाडी समुद्रात गेली आणि पुलाच्या तुळयांपैकी बहुतेक वाहून गेल्या. पण शेर्झर गाळा टिकला. रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली हा पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला आणि त्यांच्या पुढच्या कारकिर्दीची ओळख प्रथम याच कामाने करून दिली. २००७ मध्ये मार्ग रुंदमापी झाला, पण खारा वारा आणि वाढलेला भार यांनी गाळ्याला अखेर थकवले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील गाड्या कायमच्या थांबल्या.

त्याच्या शेजारी रेल विकास निगमने बांधलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला. त्यात १८.३ मीटरचे ९९ गाळे आणि ७२.५ मीटरचा एक उचलता गाळा आहे. साडेसहाशे टनांच्या आसपास वजनाचा हा गाळा विजेच्या यंत्रणेने १७ मीटर उंच जातो. उचलत्या रेल्वेपुलात दोन्ही मनोऱ्यांवरील कप्प्या एकाच गतीने फिरल्या पाहिजेत, सर्व पोलादी दोरांवर सारखा ताण आला पाहिजे, नाहीतर गाळा तिरका होऊन अडकतो. तो खाली आल्यावर दोन्ही टोकांचे रूळ मिलिमीटरच्या हिशेबात जुळले पाहिजेत, अडसर पूर्ण बसले पाहिजेत, आणि ते बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळणार नाही अशी सांगड घातलेली असली पाहिजे. यांपैकी पहिले काम यंत्र अभियंत्याचे, दुसरे स्थापत्य अभियंत्याचे, तिसरे सिग्नल व विद्युत अभियंत्याचे. महाविद्यालयात हे तिघे वेगवेगळ्या इमारतींत शिकतात, पुलावर मात्र तिघांना एकाच खोलीत बसावे लागते.

या नव्या पुलाच्या तपासणीत जे घडले त्याची चर्चा बातम्यांत ओझरती झाली, पण व्यवसायाच्या दृष्टीने ते फार मोलाचे आहे. गाळ्याची आखणी स्पेनमधील सल्लागार कंपनीने केली आणि तिची पडताळणी भारतीय तंत्रज्ञान संस्थांकडून करून घेण्यात आली. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी, रेल्वेच्या स्वतःच्या संशोधन व मानक संघटनेला, म्हणजे लखनौच्या आरडीएसओला, या प्रक्रियेत पुरेसे सामावून न घेतल्याबद्दल व अन्य त्रुटींबद्दल कडक आक्षेप नोंदवले आणि पुलावर ताशी ७५ किलोमीटरची, तर उचलत्या गाळ्यावर ५० किलोमीटरची वेगमर्यादा घालून परवानगी दिली. कोणाचे बरोबर, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. अमेरिकेत महामार्गांवरील चल पुलांसाठी स्वतंत्र आखणी-संहिता आहे, रेल्वे अभियंत्यांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेत त्यासाठी स्वतंत्र भाग आहे, आणि हेवी मूव्हेबल स्ट्रक्चर्स नावाची संघटना दर दोन वर्षांनी आखणीकार, कंत्राटदार, सुटे भाग बनवणारे आणि पुलांचे मालक यांना एकत्र आणून अनुभव लेखी स्वरूपात साठवते. भारतात असे पूल बोटांवर मोजण्याइतके असल्याने अशी साठवण झाली नाही, आणि साठवण नसली की प्रत्येक नवा पूल पहिलाच पूल ठरतो.

येथे सोलापूर जिल्ह्याकडे पुन्हा वळणे भाग आहे. चल पूल येथे नसले, तरी पाण्यात उभे राहून हलणारे लोखंड येथे पुष्कळ आहे. भीमेवरील उजनी धरणाला ४१ वक्राकार दरवाजे आहेत. वक्राकार दरवाजा म्हणजे कमानीसारखा वाकवलेला पोलादी पत्रा, जो दोन बाजूंच्या आडव्या आसावर फिरून वर जातो, म्हणजे आसावर फिरणाऱ्या कलत्या गाळ्याचा तो जवळचा नातेवाईकच म्हणता येईल. खाली औज, चिंचपूर आणि अक्कलकोट तालुक्यातील हिळ्ळी येथे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, ज्यांच्या खांबांमधील खोबणींत पावसाळा संपताना बर्गे, म्हणजे सुट्या फळ्या, बसवतात आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. हलणाऱ्या भागाला जपण्याची कला येथे दरवर्षी नव्याने वापरली जाते, आणि बर्गे वेळेवर न निघाल्यास काय होते हे नदीकाठच्या शेतकऱ्याला अभियंत्याइतकेच ठाऊक असते.

या परंपरेचे मूळ पुण्याजवळ सापडते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात १८८४ मध्ये रुजू झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ साली खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर पोहोचली की प्रतिभाराचा तोल बदलून दरवाजे उघडत आणि पाणी उतरले की मिटत. मनुष्यबळाशिवाय तोलानेच हलणारी ही रचना पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणांवरही गेली. राखण सुटली तर धरणाच्या दरवाजांचे काय होते, हे ऑगस्ट २०२४ मध्ये होसपेटजवळच्या तुंगभद्रा धरणावर दिसले, जेथे साखळी तुटून एकोणिसावा दरवाजा वाहून गेला आणि वाहत्या पाण्यात तात्पुरते अडथळे उतरवून आठवडाभरात प्रवाह रोखण्यासाठी कन्नय्या नायडू या निवृत्त, वयोवृद्ध दरवाजातज्ज्ञाला बोलवावे लागले. ही घटना अभिमानाने सांगितली जाते. वास्तविक ती काळजीची आहे, कारण संकटाच्या वेळी देशाने संस्थेची दारे न ठोठावता एका व्यक्तीचा शोध घेतला.

विद्या व्यक्तीकडून संस्थेकडे कशी जाते, याचे उत्तर व्यावसायिक संघटनांच्या कारभारात आहे, आणि त्यातही महाराष्ट्राचा वाटा जुना आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशींमधून केंद्रीय रस्ते निधी आला आणि डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. जयकर कायदेपंडित होते, अभियंते नव्हते, पण रस्ते बांधणाऱ्यांना एकत्र बसण्याची जागा हवी हे त्यांच्या समितीने ओळखले. या संस्थेत पुलांच्या प्रत्येक अंगासाठी, भार, पोलाद, काँक्रीट, बेअरिंग इत्यादींसाठी, तज्ज्ञ समित्या असतात. तेथे तयार झालेला मसुदा पुलांच्या मानकांच्या वरिष्ठ समितीपुढे जातो आणि शेवटी परिषदेच्या मंजुरीने संहिता बनतो. समितीवर काम करणे म्हणजे शेकडो पानांचे मसुदे वाचणे, एका कलमावर दोन बैठका खर्ची घालणे आणि आपल्याच खात्याच्या किंवा कंपनीच्या सोयीविरुद्ध मत देण्याची तयारी ठेवणे. हे काम मानद असते, त्याने बढती मिळत नाही, आणि म्हणूनच ते निवृत्तीनंतर करायचे काम समजले जाते. ही समजूत चुकीची आहे: पुलावर चढून ग्रीस लावलेले हात ज्याच्याकडे आहेत, तो माणूस समितीत नसेल तर संहिता कागदी होते.

सोलापूरला संघटनाकार्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. याच शहरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात करून हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनपर्यंत पोहोचले आणि तितक्याच चिकाटीने महाराष्ट्रातील व भारतातील व्यापारी संघटनांच्या उभारणीत उतरले. विश्वेश्वरय्या यांनीही उतारवयात, १९४१ मध्ये, अखिल भारतीय उत्पादक संघटना स्थापन केली. अर्थात दोन्ही उदाहरणे उद्योगाचे हित पाहणाऱ्या संघटनांची आहेत, तांत्रिक ज्ञान राखणाऱ्या संस्थांची नाहीत; मराठी समाजाने पहिल्या प्रकारात जेवढे बळ खर्च केले, तेवढे दुसऱ्या प्रकारात केले नाही, हे मान्य केले पाहिजे.

या क्षेत्रात कारकीर्द करू पाहणाऱ्या सोलापूर-अक्कलकोटकडच्या विद्यार्थ्याला म्हणून एकाच पुलाची वाट पाहण्याचे कारण नाही. रेल्वेच्या स्थापत्य अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण पुण्यातील इरिसेन या संस्थेत होते. धरणांच्या दरवाजांची संकल्पचित्रे नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत तयार होतात. दरवाजांची देखभाल जलसंपदा विभागाची यांत्रिकी शाखा करते. या तीन ठिकाणच्या माणसांची कामे एकाच जातीची आहेत, तरी त्यांची एकत्र बैठक क्वचितच होते, कारण एकाचे खाते रेल्वे, तर उरलेल्या दोघांचे जलसंपदा, आणि तेथेही शाखा वेगवेगळ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूल समित्यांनी आणि जलसंपदा विभागाने मिळून हलणाऱ्या जलरचनांची एक संयुक्त समिती नेमावी, तिच्यावर निवृत्तांबरोबर कार्यरत अभियंते आणि किमान एखादा यंत्र तंत्रज्ञ घ्यावा, आणि पांबनच्या गाळ्याची व उजनीच्या दरवाजांची देखभाल-नोंद या समितीपुढे दरवर्षी ठेवली जावी.