जी००, जी०१ आणि सरळ रेषेचा भरवसा

‘जी०० म्हणजे जोरात, जी०१ म्हणजे हळू’ हे सीएनसी शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात पाठ होते आणि पुढचे बरेच गोंधळ याच पाठांतरातून होतात. दोन्हींतला खरा फरक वाटेचा आहे. जी०१ मध्ये कंट्रोल सगळ्या अक्षांचे वेग एकमेकांशी बांधून ठेवतो, म्हणून टूल सरळ रेषेतच जाते. जी०० मध्ये ही हमी नसते. अनेक मशीनवर प्रत्येक अक्ष आपापल्या कमाल वेगाने सुटतो. दोन्ही अक्षांचा रॅपिड सारखा असताना टूल शून्यावरून एक्स ३००, वाय १०० ला पाठवले, तर ते आधी ४५ अंशांत एक्स १००, वाय १०० गाठते आणि उरलेले २०० मिमी एकट्या एक्सने कापते. एक्स १५०, वाय ९५ वरचा क्लॅम्प सरळ रेषेपासून ४० मिमीहून अधिक दूर असतो, तरी टूल उंचावर नसेल तर तडाख्यात सापडतो. यावर कोणी म्हणेल, पॅरामीटर बदलून जी०० लाही सरळ चालवता येते. खरे आहे, पण प्रोग्राम या मशीनवरून त्या मशीनवर जातो, पॅरामीटर जात नाही.

वेगाबद्दलची समजूतही अशीच अर्धवट आहे. एफ १०० दिले की प्रत्येक अक्ष मिनिटाला १०० मिमी धावतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मिलिंगमध्ये हा फीड टूलच्या वाटेवर मोजला जातो. एक्समध्ये ३० आणि वायमध्ये ४० मिमी सरकायचे तर वाट ५० मिमीची. वेळ ३० सेकंद. म्हणजे एक्सचा वेग ६०, वायचा ८०. लेथवर तर एफ बहुधा दर फेऱ्याला मोजतात: एफ ०.२ आणि १००० आरपीएम म्हणजे मिनिटाला २०० मिमी.

मग जी०१ च्या दोन रेषा जोडल्या की कोपरा काटकोनी निघेलच ना? तसेही नाही. नेहमीच्या जी६४ मध्ये अक्ष कोपऱ्यावर पुरते पोहोचण्याआधीच पुढचा ब्लॉक सुरू होतो आणि कोपरा किंचित गोलावतो. फीड वाढला की गोलाई वाढते. जी०९ किंवा जी६१ दिल्यास टूल तिथे थांबून वळते. मग ते सगळीकडेच का देऊ नये? कारण दर ब्लॉकला थांबण्यात वेळ जातो, थांबलेल्या कटरचा डाग जॉबवर उमटू शकतो. ड्रॉइंग मागेल तिथेच ते द्यावे.

आता प्रोग्राम कॅम सॉफ्टवेअर लिहिते, हे बरोबर. पण क्लॅम्प कुठे बसवला, हे त्याला आपण सांगितले तरच कळते. म्हणून सायकल स्टार्ट दाबण्याआधी प्रत्येक जी०० क्लॅम्पच्या वरून, मोकळ्या झेडवरून जातो आहे ना, एवढे पाहाच.