बालकादंबरीचा मान आणि आपले घर

साहित्य अकादमीचा २०२४ चा मराठी बालसाहित्य पुरस्कार भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबरीस लाभला. सासणे हे प्रौढ वाचकांच्या दीर्घकथांसाठी ख्यातकीर्त. २०२२ साली उदगीर येथे भरलेल्या ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अशा लेखकाने मुलांसाठी कादंबरी लिहावी आणि तिचा राष्ट्रीय पातळीवर गौरव व्हावा, ही घटना लहान नव्हे. मुलांसाठी लिहिणे म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, हा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे.

२०१० पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराचे स्वरूप ५०,००० रुपये आणि ताम्रपट असे आहे. मराठीत अलीकडे त्याचा कल कादंबरीकडे दिसतो. २०१९ मध्ये सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२१ मध्ये संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’, २०२२ मध्ये संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’. मेळघाट ज्यांच्या उशाशी आहे त्या अमरावतीच्या मुलांच्या हाती यांतील पहिले पुस्तक तरी असावयास हवे होते. किती घरांत आहे?

व्यापारी वाचकांस एक गोष्ट रुचेल. अमेरिकेत १९२२ पासून मुलांच्या उत्तम पुस्तकास जे ‘न्यूबेरी पदक’ मिळते, ते कुणा राजाच्या वा पंडिताच्या नावे नाही. जॉन न्यूबेरी हा अठराव्या शतकातील लंडनचा पुस्तकविक्रेता. पुस्तकांबरोबर तापावरची पूडही विकणारा. मुलेही गिऱ्हाईक आहेत, हे त्याने ओळखले. पदकाची कल्पना मांडणारे फ्रेडरिक मेल्चर हेही ग्रंथव्यवसायातलेच. तेथील ग्रंथपाल ते पदक देतात, म्हणून पुस्तक गावोगावच्या वाचनालयांत पोहोचते.

आपल्याकडे नेमकी हीच साखळी तुटते. १९१२ साली हरि नारायण आपटे यांच्या अध्यक्षतेखाली अकोल्यात साहित्य संमेलन भरले, १९८९ साली अमरावतीत. वऱ्हाडाला ग्रंथप्रेम शिकवावे लागत नाही. परंतु आज आपली बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. मराठी बोलतात फर्डे, जोडाक्षर आले की अडखळतात. आजीची भाषा कानी आहे, डोळ्यांना ती परकी होत चालली आहे. सोन्यावरचा हॉलमार्क शुद्धतेची खात्री देतो, दागिना अंगावर घालीत नाही, पुरस्काराचेही तसेच.

अडखळणाऱ्या मुलास पुस्तक देऊन मोकळे होऊ नये. प्रथम मोठ्यांनी रोज एक प्रकरण मोठ्याने वाचावे, पुढचे पान त्याच्याकडून वाचवून घ्यावे. यास पंधरा मिनिटे पुरतात. दुकान वाढवून आल्यावरही ती निघू शकतात. दिवाळीस वहीपूजनासाठी नव्या वह्या येतातच. त्याच खरेदीत ‘पियूची वही’ही मागवता येईल. वाचनालयाचे सभासद असाल, तर मागणीच्या नोंदवहीत या चारही कादंबऱ्यांची नावे लिहून ठेवावीत.